मामांची लाईन

नवा हमाल गेटातून आत आला की मामा चष्मा कपाळावर चढवून विचारत, "आधी कुठल्या लाईनीत हुतास?"

कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात ते बुकिंग बघत आणि समोरच्या टेबलावर मी बिलं टाईप करी. नव्वदच्या सुमाराला सगळा धंदा एका काळ्या फोनवर चाले. मामा साताऱ्याकडचे. इंग्रजीशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, पण 'लाईन' या एका शब्दावर त्यांचा अख्खा दिवस निघे. वीज गेली की लाईन गेली. फोन खरखरला की लाईन खराब. रस्त्याला लागलेली गाडी लाईनवर. टपरीपाशी कुणी क्लीनर मुलींकडे बघत रेंगाळला की म्हणत, "लाईन मारतोय, मारू दे. वय हाय." असा एकशब्दी माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. आम्ही त्यांची नक्कल करायचो आणि सगळ्यात जास्त तेच हसायचे.

एकुलत्या मुलाला मात्र त्यांनी बजावलं होतं, ही लाईन सोडून दुसरी कुठलीही धर. त्याने ऐकलं नाही. तो आमच्याच ऑफिसची गाडी चालवू लागला. बोलणं थांबलं, मग हळूहळू सुरू झालं, आणि इंदूरचा पहिला लोड मामांनीच त्याला दिला.

धंद्याची एक रीत होती. गाडी पलटी झाल्याचा फोन आला की पहिला प्रश्न मालाचा. माल पार्टीचा असतो, दुसरी गाडी पाठवून तो उचलावा लागतो.

त्या दुपारी फोन मामांनीच घेतला. क्षणभर ऐकलं आणि विचारलं, "माल कसा हाय?" मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवून त्यांनी दुसरी गाडी ठरवली, तिच्या ड्रायव्हरला घाटातली जागा समजावली आणि मग मला म्हणाले, "पोरगा गेला."

मला रडू आलं नाही. ऑफिसात कुणालाच आलं नाही. अर्धवट राहिलेलं बिल मी टाईप करून पुरं केलं.

दिवसकार्य उरकून ते कामावर आले, पण फोन वाजला की रिसीव्हर माझ्याकडे सरकवू लागले. शेवटी नोकरी सोडून गावी निघाले. हायवेवर एसटीची वाट बघताना मी म्हटलं, "मामा, मनाला लावून घेऊ नका. मालाचं विचारलंत तेव्हा गाडी कुणाची, हे तुम्हाला कुठं ठाऊक होतं?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ठावं हुतं," ते म्हणाले. "फोनवाल्यानं गाडीचा नंबर आधीच सांगितला हुता."