वहिनीच्या मशीनचा फोटो

शिरूर कासारच्या मंडळींनो, दुपारपासून माझ्या वहिनीच्या फोटोखाली अभिनंदन टाकताय, ते आधी थांबवा.

आज उद्योग खात्याचा मेळावा होता. बॅनरवर लिहिलेलं, 'मशीन वाटप'. वहिनीला स्टेजवर बोलावलं, शेवयाच्या मशीनला हार घातला, तिचा हात मशीनवर ठेवून फोटो काढला, तो लगेच खात्याच्या पेजवर टाकला. मशीन घरी न्यायला मी बाहेर पिकअप घेऊन उभा.

फोटो झाला अन् शिपायानं मशीन उचलून सरकारी टेम्पोत टाकली. "उद्या केजला फोटो हाय," म्हणाला.

वहिनी साहेबांकडं गेली. साहेब हसले. "बाई, मशीन द्यायचा अधिकार वरच्या कमिटीला. आमचं काम प्रोत्साहन द्यायचं. ते दिलं की तुम्हाला!"

मशीनच्या भरवशावर तिनं यंदा ऊसतोडीला नाही म्हणून सांगितलेलं. पिकअपमध्ये बसूनच तिनं मुकादमाला फोन लावला.

"टोळी भरली, ताई," तो म्हणाला. "अन् तुमी तर आता उद्योजक झालात. फोटो बघितला, लई भारी हाय."

तेव्हापासून वहिनी एकच विचारतीय. तो फोटो काढून टाकायचा अधिकार तरी कुणाकडं हाय? तुमच्यापैकी कुणाला माहीत असंल तर सांगा.