सत्तेचाळीस नंबर

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला इंग्रजी येत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण बहिणीला नांदायचं होतं. पण पंचवीस वर्षं ते शाळेत इंग्रजीच शिकवताहेत, म्हणून आता सांगूनच टाकते.

भावोजींकडे एक यादी आहे. वर्गात रोज लागणारे इंग्रजी शब्द आणि दोन-दोन शब्दांची क्रियापदं, एकूण एकशे चाळीस, प्रत्येकाला नंबर. नोकरीच्या पहिल्या वर्षी कुठल्याशा गाइडमधून उतरवली, पुठ्ठ्यावर डकवली आणि त्यानंतर डोक्याला म्हणून तसदी दिली नाही. वर्गात ते नुसता नंबर पुकारतात. "नऊ!" की साठ पोरं कोकलतात, "सिट डाउन, म्हणजे खाली बसणे!" "बावीस!" की, "पुट अवे, म्हणजे जागेवर ठेवणे!" तपासणीला येणारे साहेब हा तमाशा बघून माना डोलवत आणि चांगला शेरा लिहून जात. त्यांना तरी कुठे येत होतं!

भावोजींचा सगळ्यात लाडका नंबर सत्तेचाळीस. शट अप, म्हणजे गप्प बसणे. हा पोरांनी म्हणायचा नाही, पाळायचा. हा नंबर ते घरीही आणत. बहीण पडद्यांचं, गळक्या नळाचं, कशाचंही बोलायला लागली की पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "सत्तेचाळीस." मी समोर बसलेली असले तरी. मला त्या माणसाची किळस यायची, आणि ती खरंच गप्प बसायची म्हणून तिचाही राग यायचा.

भाचीला त्यांनी बोलायला लागल्यापासून या यादीला जुंपलं. पोरगी हुशार. झोपेतून उठवून नंबर विचारा, अर्थ सांगेल. तिला लहान मुलांना शिकवायचं वेड, आणि यंदा एका चांगल्या बालवाडीत जागा निघाली. अट एकच. अर्धा तास वर्ग घेऊन दाखवायचा, इंग्रजीतून. महिनाभर तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

मी म्हटलं, "अगं, कुणाशी तरी बोलून बघ. खालच्या मजल्यावरची नर्स छान बोलते."

भावोजी हसले. "बोलायचंय काय त्यात? यादी पाठ आहे तिची."

मी तिच्यासोबत गेले. अर्धवट उघड्या दारातून सगळं दिसत होतं. बारा चिमुरडी आणि जमिनीभर ठोकळ्यांचा पसारा. तिथल्या मुख्य बाईंनी सांगितलं, "आता यांना ठोकळे आवरायला लावा." भाची उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. ती एकपासून मोजत होती, हे मला कळलं. ती बावीसपर्यंत पोचेस्तोवर एक मुलगी रडायला लागली होती, दुसरीनं ठोकळा तोंडात घातला होता. मग भाची मोठ्यानं, अगदी तालात म्हणाली, "पुट अवे, म्हणजे जागेवर ठेवणे!"

पोरं बघत राहिली. बाईंनी तिला पाणी दिलं आणि फार गोड बोलून वाटेला लावलं.

घरी भावोजी पुठ्ठा मांडीवर घेऊन, पेन्सिल सरसावून तयारच बसलेले.

"कुठे अडलीस? नंबर सांग."

"बाबा, मला त्या मुलांशी साधं बोलता आलं नाही. नोकरी गेली."

"ते राहू दे. नंबर सांग. पाठांतर कच्चं राहिलं तुझं. पंचवीस वर्षं घसा फोडतोय मी, साठ-साठ पोरं पाठ करतात, आणि माझ्या पोटची पोर असून तू..."

"बाबा," भाची म्हणाली, "सत्तेचाळीस."

भावोजींची पेन्सिल सवयीनं पुठ्ठ्यावर सत्तेचाळीसपाशी गेली आणि तिथेच थांबली.

आतून बहीण पदराला हात पुसत आली. तिनं नवऱ्यासमोर खुर्ची ओढली, नीट बसली आणि बोलायला सुरुवात केली. पडद्यांपासून.