तिच्या आईचं बेट, माझं भाषण

लखनौच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीतल्या वक्तृत्व स्पर्धेला मुलं उभी राहत, पण बोलत असे मी. म्हणजे भाषणं माझी असत. छावणीतल्या कॅप्टनचा मुलगा असो की रेल्वेतल्या इंजिनिअरची मुलगी, सगळ्यांची भाषणं तेलीबागेतल्या माझ्या स्वयंपाकघरात तयार होत. मुलांना मराठी कळायचं, पण उत्तर यायचं ते हिंदीत. मग मी लिहायचं, त्यांच्याकडून घोकून घ्यायचं आणि बक्षीस मिळालं की त्यांच्या आईइतकंच मीही मिरवायचं. मला त्याचा गर्व होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडा माजही होता.

त्या वर्षी आमच्या वरच्या खोलीत एक मुलगी राहायला आली होती. मॉरिशसची. लखनौला गाणं शिकायला आलेली. वडील मराठी, म्हणजे चार पिढ्यांपूर्वी रत्नागिरीकडून बोटीत बसलेल्या घरातले. मराठी ती तिकडच्या शाळेत शिकली होती, त्यामुळे ‘मावशी, मी आपली अत्यंत आभारी आहे’ असं क्रमिक पुस्तकातून उचलल्यासारखं बोलायची. केस कुरळे, रंग काळासावळा. मंडळातल्या बायका तिला पहिल्यांदा बघून मला बाजूला घेऊन विचारत, ‘ही आपल्यातली?’ मी ठसक्यात सांगत असे, ‘आपल्यातलीच!’ जणू ते ठरवणं माझ्याकडे होतं.

तिची आई मात्र मॉरिशसची नव्हती. ती चागोस नावाच्या बेटांवरची. एकदा मटार सोलता सोलता मुलीने मला ते सगळं सांगितलं. हिंदी महासागरात अगदी मध्ये ही बेटं. नारळाच्या बागा, त्यात काम करणारी माणसं, एक छोटं चर्च. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी इंग्रजांनी ही बेटं तोडून स्वतःकडे ठेवली आणि अमेरिकेला लष्करी तळासाठी दिली. तळ हवा, पण माणसं नकोत. म्हणून माणसांना बोटीत घालून मॉरिशसला आणून सोडलं. त्याआधी त्यांचे कुत्रे मारले. आईचाही एक कुत्रा होता. तेव्हा आई विशीत होती. एक पेटी नेता येईल, असं सांगितलं होतं.

‘आता मॉरिशस म्हणतं, बेटं आमची आहेत,’ ती म्हणाली. ‘ब्रिटन म्हणतं, आमची आहेत. माझी आई म्हणते, कोणीतरी मला विचारा.’

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच क्षणी मनात आलं की यावर काय भाषण होईल! हे आज लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते.

तिची एक इच्छा होती. गणपतीत पाच मिनिटं बोलायला मिळावीत. मराठीतून, जमेल तसं. आणि शेवटचं एक मिनिट क्रिओलमध्ये, तिच्या आईच्या भाषेत, थेट आईला उद्देशून. आमच्या टू-इन-वनवर ते टेप करायचं आणि कॅसेट आईला पाठवायची. आईला मराठी येत नव्हतं, वडिलांच्या घरात राहूनही ती फारशी शिकली नव्हती. ‘आईची गोष्ट माइकवर कोणी बोललेलं तिने कधीच ऐकलं नाही,’ ती म्हणाली. ‘माझ्या तोंडून ऐकेल तर तिला बरं वाटेल.’ तिने आईला तसं पत्रही टाकलं होतं, कॅसेट येतेय म्हणून.

मी म्हटलं, ‘दे इकडे कागद.’

कागदावर तिने सरळ साधं लिहिलं होतं. अमुक झालं, मग तमुक झालं. कुत्र्याबद्दल चार ओळी होत्या. मॉरिशस सरकारनेही आईला विचारलं नाही, हे दोनदा होतं. मी पेन उघडलं आणि अंगात आल्यासारखी सुटले. कुत्रा काढला, लोक हसतील म्हणून. मॉरिशसवरचा राग काढला, कारण त्याने विषयाला फाटे फुटतात. त्या जागी आपला स्वातंत्र्यलढा घातला, भारतमातेची लेकरं सातासमुद्रापार कशी तळमळतात ते घातलं. आई समुद्राकडे बघत रोज अश्रू ढाळते, असंही घातलं.

तिने वाचलं आणि हळूच म्हणाली, ‘मावशी, आई रडत नाही. ती रागावते.’

‘रागावलेली बाई स्टेजवर चालत नाही गं,’ मी म्हटलं. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतेय.’

मग अध्यक्षांची अडचण निघाली. ते निवृत्त लष्करी अधिकारी. त्या दिवशी छावणीतले एक मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार होते. परदेशी मुलीने दुसऱ्या देशाच्या तळाबद्दल माइकवर बोलणं अध्यक्षांना बरं वाटेना. ‘वहिनी, तुम्ही बोला,’ ते म्हणाले. ‘तुम्ही कसं, सांभाळून बोलाल. ती शेजारी बसू दे. नऊवारी नेसवा, छान दिसेल.’

मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या जिभेवर ‘नाही’ आलंसुद्धा नाही. उलट आतून उकळ्या फुटल्या. इतकी वर्षं मुलांच्या तोंडून टाळ्या घेतल्या, आता स्वतः घ्यायची संधी होती.

तिला मी कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सांगितलं, म्हणजे वाद घालायला वेळ उरू नये. ती म्हणाली, ‘पण आईला मी लिहिलं आहे.’ मी म्हटलं, ‘कॅसेट पाठव की. आवाज कोणाचा आहे त्याने काय फरक पडतो?’ माझी चौदा वर्षांची लेक दारात उभी होती. ती म्हणाली, ‘मम्मी, ये तो उसकी कहानी है यार. उसे बोलने दो न.’ मी तिला अभ्यासाला पिटाळलं.

नऊवारी मीच नेसवली. नथ मीच घातली. तिने काहीच विरोध केला नाही, बाहुलीसारखी हात वर करून उभी राहिली. स्टेजवर तिला खुर्चीत बसवलं आणि मांडीवर टू-इन-वन दिला.

मी बोलले. फार छान बोलले, हे दुर्दैवाने मला मान्य करावं लागतं. भाषणाच्या कागदावर कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा याच्या खुणा मी पेन्सिलीने करत असे. ‘आई, मला माझ्या मातीत घेऊन चल’ या वाक्यापुढे ‘कंठ दाटणे’ असं लिहिलं होतं. तिथे माझा कंठ दाटला. पण नंतर तो आवरेना, मी खरंच हुंदके देऊ लागले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मोठे साहेब उठून टाळ्या वाजवू लागले. मधूनच माझी नजर तिच्याकडे गेली. ती माझ्याकडे बघत नव्हती, कॅसेटची चाकं फिरतायत का ते बघत होती.

टाळ्या ओसरल्यावर ती खुर्चीतून उठली. ‘मावशी, एक मिनिट. फक्त आईसाठी,’ असं म्हणून तिने माइककडे हात केला. एवढ्यात खालून कोणीतरी आरतीची वेळ झाल्याचं ओरडलं. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि म्हटलं, ‘नंतर, हं.’ तिने टू-इन-वनचं बटण दाबून तो बंद केला. ते ‘नंतर’ काही आलं नाही. प्रसादाच्या रांगेत लोक माझं तोंड भरून कौतुक करत होते आणि मी ते घेत होते.

कॅसेट तिने पाठवली. वचन दिलं होतं, आई वाट बघत होती, दुसरं काही पाठवायला नव्हतं. पुढच्या महिन्यात ती कॉलेज लांब पडतं असं सांगून हॉस्टेलवर राहायला गेली. जाताना वाकून नमस्कार केला, ‘मी आपली अत्यंत आभारी आहे’ म्हणाली. मी बायकांमध्ये सांगत फिरले की हल्लीच्या पोरींना केल्याची जाण नसते. पण माझी लेक मात्र तिच्या हॉस्टेलवर जात असे. घरी आल्यावर माझ्याशी नीट बोलत नसे.

दिवाळी झाल्यावर ती मॉरिशसची पोर अचानक आली. हातात पत्र होतं. आईने शेजारणीकडून लिहून घेतलेलं. ‘यात तुमच्यासाठी निरोप आहे,’ ती म्हणाली. आधी तिने तो क्रिओलमध्ये मोठ्याने वाचला. तिच्या तोंडून ती भाषा मी पहिल्यांदा ऐकत होते. पुस्तकी मराठी बोलणारी ती पोर त्या भाषेत किती भरभर आणि मोकळी बोलत होती! मग तिने एकेक वाक्य थांबून मराठीत सांगितलं.

‘आई लिहिते, कॅसेट सहा वेळा ऐकली. शब्द कळले नाहीत. तुझा आवाज शोधला, सापडला नाही. पण त्या बाईंचं रडणं कळलं. आई विचारते, त्या बाई कोण आहेत? त्यांना कुठल्या बेटावरून काढलं? त्यांची माणसं कुठे गेली? आई लिहिते, मी रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी मेणबत्ती लावली. त्यांना सांग, धीर सोडू नका. एक दिवस आपण सगळे घरी जाऊ.’

तिने पत्राची घडी घातली. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. ‘आईला काय उत्तर लिहू, मावशी?’ तिने विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं उत्तर एका ओळीचं होतं: या बाईला कोणी कुठून काढलेलं नाही, ती आपल्या घरात सुखात आहे, रडली ती टाळ्यांसाठी. आयुष्यभर इतरांना शब्द पुरवले, पण एवढी एक ओळ माझ्या तोंडून निघाली नाही. मी म्हटलं, ‘माझा नमस्कार कळव.’

तिने पिशवीतून कागद-पेन काढलं. मान हलवली आणि तेवढंच लिहिलं.