उन्हाळा मधात आला

“पेटी लबाड नसते जी. लबाड असते तं वाजवनारा.”

हे वाक्य त्यानं आमच्या चर्चच्या पडवीत आल्या आल्या मला ऐकवलं. पेटी वाजवणारा मीच, तेव्हा टोला कोणाला होता ते तुम्हीच ओळखा. स्वतःची जुनी पेटी त्यानं काखेत धरली होती, आणि ओलं केलेलं बोट माझ्या पेटीच्या भात्यावरून फिरवत हवा कुठून सुटते ते शोधत होता.

तो वडशाचा मिस्त्री. झाडीपट्टीतल्या नाटक मंडळ्यांच्या पेट्या दुरुस्त करायचा. दिवाळी ते होळी नाटकांचा हंगाम, तेवढे महिने या गावाहून त्या गावाला. उरलेलं वर्ष घरी सुतारकाम. नाव सांगत नाही. त्या नावाला पुरेसा बट्टा लागला, आणि तो लावणाऱ्यांत मी होतो.

आमचं चर्च चांद्याच्या परकोटाच्या आतलं, इंग्रजांच्या काळातलं. दगड इथला, सागवान इथलं, ऑर्गन तेवढा विलायतेचा. म्हातारी माणसं सांगत, की कोण्या साहेबाच्या मडमेनं मेलेल्या लेकीच्या आठवणीसाठी तो मागवला होता. वरोऱ्यापर्यंत आगगाडीनं आला आणि पुढं बैलगाड्यांनी, गवतात गुंडाळलेल्या नळ्यांसकट. ऑर्गन म्हणजे पेटीचा थोरला भाऊ. पण पेटीत पितळी पत्ती वाजते आणि ऑर्गनात भात्याची हवा शिरून नळ्या वाजतात. वरच्या सुरांच्या नळ्या धातूच्या, खालच्या सुरांच्या लाकडी. माझ्या लहानपणी तो वाजायचा. मग वाजवणारी बाई वारली, भाता उंदरांनी खाल्ला, नळ्यांत कोळशाची धूळ बसली आणि तो नुसता उभा राहिला. ऐंशी सालानंतर केव्हातरी मी चर्चचा सेक्रेटरी झालो. शाळेत मास्तर होतोच. किल्ल्या माझ्या हाती आल्या आणि ऑर्गन पुन्हा वाजवायची हौसही माझीच; मिस्त्रीला बोलावलं ते त्यापायीच.

मिस्त्रीनं ऑर्गन जन्मात पाहिला नव्हता. दारात चपला काढून तो आत आला आणि बराच वेळ मान वर करून उभा राहिला.

“मास्तर, हे तं बासऱ्यायचं रान हाय जी.”

“जमंल?”

“उघडून पाहू. मानसानंच बनवलं ना?”

ते दिवस पौषातले. आठ दिवस तो चर्चमध्येच होता. भात्याला बकरीचं कातडं लावलं, नळ्या एकेक काढून पुसल्या. धातूच्या बारक्या नळ्यांना तो ‘पोरी’ म्हणायचा आणि मोठ्या लाकडी नळ्यांना ‘सासरे’. त्याच्या पेटीचा सूर मी धरायचा, त्यानं नळी वाजवायची. सूर उतरलेला वाटला की नळीचं तोंड कानशीनं केसभर घासून पुन्हा ऐकायची. एकेका पोरीपायी अर्धा अर्धा तास जायचा. मी कंटाळून जांभई दिली तर म्हणायचा, “मास्तर, तुमी शाळेत पोट्ट्याइले असेच पास करता काय?”

पोरी झाल्या आणि नाटक मंडळीचा निरोप आला. “सासरे उन्हाळ्यात पाहू जी,” म्हणून तो गेला. हंगाम संपवून आला तेव्हा वैशाख लागला होता. चांद्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. आत दगडी भिंतीसुद्धा तापलेल्या.

लाकडी नळीच्या डोक्याशी एक दट्ट्या असतो. तो आत सारला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. “सारेच्या सारे सासरे चढून बसले जी,” तो नवलानं म्हणाला. त्यानं आपल्या पेटीशी ताडून एकेक दट्ट्या बाहेर ओढला आणि सूर उतरवून घेतला.

मी इकडे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बिशपसाहेबांना रविवारचं बोलावणंही पाठवून बसलो होतो. शेवटचा सासरा रविवारी दुपारी लागला.

“एक दिवस द्या जी,” मिस्त्री म्हणाला. “पोरी अन् सासरे संगं वाजवून पाह्यतो.”

“अहो मिस्त्री, पेटी लबाड नसते ना? मंग झालं तं.”

तो हसला. मला ते हसू अजून खुपतं.

संध्याकाळी चर्च भरलं. मी दोन्ही हात ठेवले आणि पहिल्याच ओळीला पोरी एकीकडे, सासरे दुसरीकडे. वरचा सूर चढलेला, खालचा रडतोय. पोरंटोरं खिदळली. बिशपसाहेबांनी गीताच्या पुस्तकात डोकं घातलं. मी कसंबसं एक कडवं रेटलं आणि झाकण बंद केलं. पुढचं भजन ढोलकीवर झालं.

बाहेर पायऱ्यांवर चर्च कमिटीचे अध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “नाटकवाल्याले आनलं, नाटकच झालं.” लोक हसले. मिस्त्री चपला हातात घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. यानं एक दिवस मागितला होता, मी दिला नाही, एवढंच मला सांगायचं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून राहिलो.

“मास्तर, एकेक नळी बरोबर होती जी. तुमी तं आईकली ना?”

ऐकली होती. पण मी बिशपसाहेबांच्या गाडीकडे वळलो.

कमिटीनं ऑर्गनला कुलूप लावायचं ठरवलं. गोष्ट वडशापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. मंडळ्यांत त्याची टिंगल सुरू झाली आणि काहींनी आपल्या पेट्या दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. हे मला त्याच्या पहिल्या कार्डावरून कळलं. ‘एक डाव उघडू द्या, चूक कुठी झाली ते पाह्यतो,’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या कार्डातही तेच. मी दोन्ही कानामागं टाकली. कमिटीपुढं विषय काढला असता तर रविवारची घाई कोणाची होती तेही निघालं असतं.

तिसरं कार्ड थंडीत आलं.

‘मास्तर, चूक घावली. आमचा बासरीवाला थंडीत बासरी शेकोटीपाशी धरून बसते. मी म्हनलं काऊन? तं म्हने, थंडीनं सूर उतरते, गरमीनं चढते. पेटीच्या पत्तीचा सूर काई हालत नाई. मी पोरी थंडीत लावल्या, त्या उन्हात चढल्या. सासरे तं उन्हातच लावले. पेटी लबाड नव्हती, नळ्याही नाई. उन्हाळा मधात आला. मले येऊ देत नसान तं नका देऊ. तुमीच एका दिवसात सारे दट्टे पोरीच्या सुरात आत ठोकजा. हळू ठोकजा, जुनं लाकूड हाय.’

हे वाचून मी काय केलं असेल? कार्ड गीताच्या पुस्तकात ठेवलं आणि वर्ष घालवलं.

पुढच्या हिवाळ्यात अध्यक्ष बदलले. एका शनिवारी बायकोला भाता हलवायला बसवून मी कुलूप काढलं. त्यानं लिहिलं होतं तसे दट्टे हळूहळू आत ठोकत गेलो. संध्याकाळपर्यंत सगळे सासरे पोरींच्या सुरात आले. बायको भाता थांबवून म्हणाली, “किती गोड वाजते हो!” मला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाज.

रविवारी लोकांनी माझे हात धरले. मास्तरांनी स्वतः दुरुस्त केला म्हणे! “मी नाही, वडशाच्या मिस्त्रीनं केला,” मी चारचौघांत सांगितलं. लोकांना तो माझा विनय वाटला.

त्याच आठवड्यात नॅरो गेजच्या छोट्या गाडीनं वडशाला गेलो. घर मातीचं, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली फडक्यात बांधलेली त्याची पेटी. शेजारी हार घातलेला त्याचा फोटो होता.

“धान कापनीच्या वक्ती गेले जी,” त्याची बायको म्हणाली. “ताप आला अन् तिसऱ्या दिवशी सरलं.”

मी कोण ते सांगितलं. ऑर्गन वाजला, अगदी त्यांनी लिहिलं होतं तसं केलं, हेही सांगितलं. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. चहा गाळताना म्हणाली, “तुमच्या कार्डाची लय वाट पाह्यली त्याईनं. म्हनत, मास्तरले माहं कार्डच भेटलं नसंन, नाई तं मास्तर चूप बसनारा मानूस नोहे.” मग माझ्याकडे पाहून विचारलं, “भेटलं होतं काय जी?”

“भेटलं होतं,” मी म्हणालो. “तेव्हाच.”

तिनं कप माझ्यासमोर ठेवला आणि आत गेली. चहा पिऊन कप मी विसळून चुलीपाशी ठेवला. ती काही बाहेर आली नाही.