सुभेदारांच्या घरातले धमाके

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. पुलगावच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी प्रभारी फौजदार होतो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी लागू होऊन थोडीच वर्षं झाली होती. हजेरी आटोपते न आटोपते तोच जवळच्या गावातला एक किराणा दुकानदार घाम पुसत आत आला.

"साहेब, आमच्या शेजारच्या सुभेदाराच्या घरातून धमाके होऊन राह्यले. काल दोन झाले. खिडकीच्या काचा हालल्या माह्या."

दुसऱ्या कुठल्या गावात मी हसलो असतो. पण इथून जवळच लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो, आणि सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले. मी स्टेशन डायरीत नोंद केली, वरिष्ठांना फोन लावला आणि सात शिपाई व दोन पंच घेऊन निघालो.

घर स्वच्छ, सारवलेलं. मागच्या खोलीत मात्र जमिनीवर काचेचा चुरा, तारेचे तुकडे आणि ओली भिंत. खोलीत आंबूस वास होता. सुभेदार साठीचे, ताठ. त्यांची बायको ओसरीवर बसून होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात सुभेदारांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती उठून आत गेली. मी पंचनामा केला आणि सुभेदारांना ठाण्यात आणलं.

"धमाका कशाचा झाला?" मी विचारलं.

"नाई सांगत."

"तुमच्यावर काय संशय आहे, कल्पना आहे ना?"

"तीस वर्षं सरहद्दीवर खडा राह्यलो मी. मले गद्दार म्हणायचं असन तर म्हणा. साबित करा अन् फाशी द्या."

गुन्हेगार बहुधा खूप बोलतो; एक खोटं झाकायला दुसरं सांगतो. हा माणूस खोटंही बोलायला तयार नव्हता. तो स्वतःला नव्हे, दुसऱ्या कुणाला तरी वाचवतोय, असं मला वाटू लागलं. तिकडे वरिष्ठांचा फोनवर फोन. कबुली घ्या, स्फोटकांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभेदारांची बायको ठाण्यात आली. पदर खोचलेला, हातात पिशवी. पिशवीतून तिने तारेने बूच बांधलेली एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"हा घ्या तुमचा बॉम्ब."

कोठडीतून सुभेदार ओरडले, "तू काऊन आली?"

"माह्या कामासाठी तुमी काऊन जेलात जाता?" ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. मग मला म्हणाली, "लिहा साहेब. बिअर मी बनवली. यायनं फक्त पेली."

मी पंचांना बोलावलं. तिने तार सोडवली आणि बूच उडालं. आवाज असा झाला, की माझा हवालदार टेबलाखाली गेला. फेस छताला लागून माझ्या टोपीवर पडला.

मग तिने जबाब दिला. नवऱ्याची बदली डोंगराळ मुलखात असताना तिथल्या बायकांकडून ती हे शिकली होती. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात मुरवून गाळायचं, कडूपणाला कडुनिंबाच्या सालीचा तुकडा उकळायचा, निवल्यावर बेकरीतलं खमीर घालायचं. इथे आल्यावर पहिल्या खेपेचा नुसता आंबट काढा झाला. या खेपेला आंबणं थांबायच्या आतच तिने बुचं बांधली, म्हणून बाटल्या फुटल्या. उरलेल्या तिने गोवऱ्यांच्या ढिगात लपवल्या होत्या.

"पण कशासाठी हा उद्योग?" मी विचारलं.

"दुकानं बंद झाली, तसे हे नाल्याकडच्या भट्टीवर जाऊ लागले. एकदा दोन दिवस डोळ्याले दिसलं नाई यायले. मी म्हटलं, पेणं सुटत नसन तर माह्या हातचं पेजा, पण आंधळे नोका होऊ." मग ती टेबलावर हात टेकवून म्हणाली, "माह्या घरी तुमी सात शिपाई आणले. त्या भट्टीवर एक तरी गेला काय? काऊन नाई गेला?"

ती भट्टी कुणाच्या आशीर्वादाने चालते हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी वरिष्ठांना फोन लावला. "साहेब, ती बिअर आहे."

"मी वर बॉम्ब म्हणून कळवलंय. स्फोटकांचं कलम लाव."

"पंचांसमोर बाटली उघडलीय, साहेब. पंचनाम्यात फेस निघाला असं लिहिलंय. ते मी खोडणार नाही."

"याचे परिणाम माहीत आहेत?"

"आहेत."

सुभेदारांना सोडलं. बाईंवर दारूबंदी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. जेवढा गुन्हा घडला होता, तेवढाच लिहिला. बाटल्यांना लाखेचं सील करून नमुना रासायनिक विश्लेषकाकडे पाठवला. कोर्टात वकिलाने बाईंना पढवलं होतं, की औषधी काढा होता म्हणून सांगा. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"बनवली, ते कबूल," ती म्हणाली. "वाईट केलं, ते नाई कबूल."

न्यायाधीशांनी दंड करून समज दिली. दंड सुभेदारांनी भरला आणि दोघं सोबत चालत बाहेर पडली.

कोर्टातून परतलो तो थेट नाल्यावर गेलो. भट्टी फोडली, दारूसाठी आंबत घातलेला सडवा ओतून दिला, मालकाला बेड्या घालून गावातून चालवत आणलं. आठवडा उलटायच्या आत माझ्या बदलीचा आदेश आला. ठिकाण जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.

तपास म्हणजे वरच्या माणसाला हवं ते सापडणं नव्हे, हे मला त्या बाईने शिकवलं. जे सापडलं तेच लिहायचं, आणि लिहिलेल्यापाशी उभं राहायचं. पुढे नोकरीत त्याची किंमत मी बऱ्याचदा मोजली. पश्चात्ताप एकदाही झाला नाही.

बदलीच्या त्या आदेशावर सही केली, तेव्हा कारकून हळूच म्हणाला, "साहेब, तो भट्टीवाला जामिनावर सुटून आला. भट्टी परत पेटली म्हणतात."

पदभार सोडायला अजून एक दिवस होता. मी टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली.