मार म्हणजे माझे

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या बंजारा तांड्यावरून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझ्या मराठीत आजही चुका निघतात. सांभाळून घ्यावे.

यवतमाळला इंटरच्या वर्गात होतो तेव्हा सकाळी मी नगरपालिकेच्या एका शाळेत पहिलीला शिकवायला मदत करत असे. जवळच्या तांड्यावरची अकरा मुले त्या वर्गात होती. घरी गोरबोली, म्हणजे आम्हा बंजाऱ्यांची बोली; मराठी फारशी कळत नसे, म्हणून ती गप्प बसत आणि हळूहळू यायचीच बंद होत. हेडमास्तरांनी धीर करून मला रोज अर्धा तास गोरबोलीतून शिकवू दिले. तो चालू ठेवायचा की नाही, हे ठरवायला शाळा तपासणारे डिप्टी साहेब आले.

साहेबांनी पुढच्या मुलीला विचारले, “तुला कोण शिकवतं?”

“मार गुरुजी,” ती म्हणाली.

“मार देतात?”

पुढचे तिला कळले नाही. ‘मार’ तेवढे कळले. तिने जोरात होकारार्थी मान हलवली. मागची दोघेतिघेही म्हणाली, “मार गुरुजी, मार गुरुजी.”

गोरबोलीत ‘मार’ म्हणजे माझे. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले. मी तिथेच उभा होतो, पण तोंड उघडले नाही.

ते गेल्यावर हेडमास्तर म्हणाले, “काहून गप होता बे? तोंडात कापूस कोंबला होता काय?”

“साहेबांना मधेच कसं तोडू, सर?”

“ते तुले मारकुटा समजून गेले ना. आता लिहून दे, पोरगी काय म्हणत होती ते.”

त्या आठ ओळींना मला दोन दिवस लागले. ‘ण’ आणि ‘न’ पुन्हा पुन्हा तपासले. ज्याला मराठीच येत नाही तो काय शिकवणार, असे साहेबांना वाटले तर? पत्र गेले, आणि मग काहीच उत्तर येईना. मुले दारात “मार गुरुजी” म्हणत धावत आली की मी आधी व्हरांड्यात कोणी ऐकत नाही ना, ते पाही. एकदा तर मी त्यांना म्हटले, “तसं म्हणू नका.” ती पुन्हा गप्प बसली. ते माझ्या मनाला अजून लागून आहे.

महिन्याभराने हेडमास्तरांनी मला वर्गातून बाहेर बोलावले.

“गोरबोलीचा अर्धा घंटा चालू राह्यला,” ते म्हणाले. “दिवाळीपरेंत. पुढचं मंग पाहू म्हणते साहेब.”