जनावराचं नाव

चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत मशीन चालवणाऱ्या बाई कुरखेड्याकडच्या. सापाच्या विषातली प्रथिनं वेगळी करायची, हे आमचं काम. पण बाई साप कधी म्हणत नसत. जनावर म्हणत. नमुना कुठल्या जातीचा असं विचारलं, की कुपी पुढे सरकवत.

"वाचून घ्या न सर. नाव काऊन घ्यायले लावता? नाव घेतलं का येते ते."

कॉलम म्हणजे बोटाएवढी पोलादी नळी; तिच्यातून पातळ केलेलं विष दाबानं ढकललं, की एकेक प्रथिन सुटून शेजारच्या, त्याचं वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जाई. पडद्यावर रेघ उठली, की बाई हलकेच म्हणत, "आलं एक." शेवटचं येईपर्यंत त्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसत, खाली लख्ख फरशी असूनही.

एका दुपारी दाब चढला, कॉलमचा जोड निसटला आणि विष बाईंच्या हातावर उडालं. बाईंचा हातमोजा फाटका निघाला. आत बोटावर भाजी चिरतानाचा ताजा काप होता, आणि तो ओला झाला होता.

इतक्या पातळ विषानं काही होत नाही, असं मी म्हणालो. मला ते बाईंनीच शिकवलं होतं. त्यांनी हात नळाखाली धरला, आणि माझ्याकडे न बघता स्पष्ट म्हणाल्या, "मण्यार होती सर. ध्यानात ठेवजा. डॉक्टरले मले सांगता नाई आलं, त तुमी सांगजा."

बाईंना पुढे काहीच झालं नाही. पण तेव्हा मी खुर्चीत बसलो, आणि दोन्ही पाय वर घेतले.